चित्र उलटं छापलंय

१४ ऑक्टोबर

धुराडी तपासणारी इंगेबोर्ग आज आली आणि माझ्या शेगडीला फाशीची शिक्षा सुनावून गेली.

शेगडी वडिलांनी बसवलेली. इंगेबोर्गनं पाठीमागं आरसा धरला, विजेरी मारली आणि विचारलं, "हाल्वोर, हा तडा कधीचा?"

"कुठला तडा?"

"ज्यात माझी करंगळी गेलीय तो."

मग तिनं धुराडं खरवडलं आणि चकचकीत काळी खपली माझ्या हातावर ठेवली. "ही काजळी नाही, डांबर आहे. वर रस्ता बांधतोयस का? एखाद्या रात्री हे पेट घेईल आणि छपरासकट तुम्ही दोघं जाल."

मी तिला समजावलं की माझी आग झोपती असते. रात्री शेगडी गच्च भरायची, हवेची झडप मिटायची, सकाळी निखारे जिवंत. या खोऱ्यात एका भरण्यात सकाळ गाठणारा दुसरा माणूस नाही. लाकडाबद्दल काही अडलं की लोक माझ्याकडे येतात. निदान येत असत.

"आग झोपत नाही, गुदमरते," ती म्हणाली. "धूर म्हणजे न जळलेलं लाकूड. लाकडातली निम्मी ऊब त्या वायूत असते आणि तू ती आभाळाला वाटतोस. शिवाय कोंडलेल्या आगीतून एक वायू सुटतो, त्याला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच जातो."

"माझी आग मला ओळखते," मी म्हणालो.

माझी बायको सिग्रून तेव्हा खोकत होती, त्यामुळे तिचं मत कळलं नाही.

नवी शेगडी घ्यावी लागणार. म्हणून ही वही. मी दारं-खिडक्या करतो, पण सुतारकाम कुठल्या शाळेत शिकलो नाही. बघून, मोजून, चुकून शिकलो. (चुकून फार कमी.) शेगडीही तशीच शिकेन. पुढं कोणाला उपयोग व्हावा म्हणून नोंद ठेवतो आहे.

१९ ऑक्टोबर

शेगडी आली. उचलायला शेतापलीकडचा शेजारी टॉलेफ आला. ऐंशीला टेकलाय, एकटा असतो, उचलण्यापेक्षा सूचना जास्त देतो. दाराची काच बघून म्हणाला, "माझ्याही शेगडीला आहे. मुलीनं पाठवली होती ना. पहिल्या आठवड्यातच काळी पडली, मग काही त्रास नाही."

माहितीपत्रक वाचलं. छापखान्याची घोडचूक सापडली. शेगडी पेटवण्याचं चित्र चक्क उलटं छापलंय: जाड ओंडके खाली, त्यावर मधल्या फाकी, सगळ्यात वर बारीक चिरफळ्या आणि आग त्यांच्या डोक्यावर. मेणबत्तीसारखी! आग खालून वर जाते हे लहान पोरालाही माहीत आहे. एवढी महागाची वस्तू विकतात आणि कागद तपासायला माणूस ठेवत नाहीत.

मी चित्र कापलं, पाइनच्या चौकटीत बसवलं आणि शेगडीशेजारी बरोबर दिशेनं, म्हणजे उलटं, टांगलं.

"शेगडीचे पाय वर आलेत," टॉलेफ म्हणाला.

"पायांकडे बघू नकोस. आगीकडे बघ."

२० ऑक्टोबर

पहिली आग. खाली चिरफळ्या, वर बर्चचे ओंडके, नीट पेटल्यावर झडप मिटली. धूर असा दणदणीत निघाला की टॉलेफ दुपारी सांगायला आला, "दिसला हं."

हे लिहून ठेवलं पाहिजे. उजाडलं की मी टॉलेफच्या धुराड्याकडे बघतो आणि तो माझ्या. धूर दिसला म्हणजे माणूस उठलाय, पाय चालताहेत, आज मेलेला नाही. त्याची बायको गेली त्या हिवाळ्यापासून हे चालू आहे. त्याबद्दल आम्ही कधी बोललेलो नाही. बोलण्यासारखं त्यात काही नाही.

संध्याकाळपर्यंत काच काळी ठिक्कर पडली. सिग्रून बराच वेळ तिच्यासमोर बसली आणि म्हणाली, "रंगीत कार्यक्रम कधी लागतो?"

२७ ऑक्टोबर

घरात भयंकर शब्द उच्चारला गेला.

त्याचं असं झालं. चर्चच्या गायकवृंदात सिग्रून वीस वर्षं मागच्या रांगेत उभी राहते आहे. यंदा नाताळच्या आदल्या संध्याकाळी पहिलं कडवं एकटीनं गायला तिला सांगितलंय. आणि तिचा खोकला थांबत नाही. डॉक्टरनं घसा बघून विचारलं, "घरात कोण सिगारेट ओढतं?" ती म्हणाली, "शेगडी."

जेवताना तिनं काटा खाली ठेवला. "नाताळाआधीचे चार रविवार ॲडव्हेंटचे, त्यातल्या पहिल्या रविवारी आपण पहिली मेणबत्ती लावू. त्या दिवशी ही काच स्वच्छ हवी आणि माझा घसा साफ. नाहीतर ही जाईल आणि हीट पंप येईल."

"हीट पंप?"

"भिंतीवर बसतो. विजेवर घर तापवतो. पंखा असतो. खोकला नसतो."

या वस्तीत हीट पंप नसलेली दोनच घरं उरली आहेत, माझं आणि टॉलेफचं. माझ्या अंगणात चार वर्षांचं बर्चचं लाकूड रचलेलं आहे. उन्हाळ्यात लोक थांबून रचणीचे फोटो काढतात. हीट पंप लावून मी त्या लाकडाचं करायचं काय? बघत बसायचं?

"बायका चिडल्या की बोलतात," टॉलेफनं धीर दिला. "माझी चिडली की दार आपटायची."

"सिग्रून चिडली नव्हती. तिनं फोन करून भाव विचारलाय."

"मग वाईट आहे," टॉलेफ म्हणाला.

२ नोव्हेंबर

प्रयोग. (अ) ओंडक्याची साल खाली: काच काळी. (आ) साल वर: काळी. (इ) स्प्रूसऐवजी फक्त बर्च: काळी, पण वास चांगला. (ई) झडप नेहमीपेक्षा घट्ट: काळी, आणि बाहेरून टॉलेफची हाक, "चर्च जळतंय का रे?"

लाकडात दोष नाही. ओलावा मी यंत्र लावून मोजतो. माझ्या बैठकीच्या खोलीपेक्षा माझं लाकूड कोरडं आहे. तेव्हा दोष काचेतच असणार.

भिंतीवरचं चित्र फिरून पाय खाली करून लटकलं होतं. खिळा सैल असावा. नीट केलं.

९ नोव्हेंबर

विजय!

सकाळी नेहमीसारखी पेटवली, झडप मिटली आणि गोठ्यातल्या माझ्या कामाच्या खोलीत गेलो. जेवायला आलो तर काच लख्ख! आत पिवळ्या ज्वाळा, आणि नुसत्या लाकडावर नव्हे, वर हवेतही, जणू धूरच पेटला आहे. खोली अशी तापलेली की सिग्रूननं स्वेटर काढून ठेवला होता.

मी लगेच कारण शोधलं. आजचं लाकूड उत्तर उतारावरचं होतं. सावलीत वाढलेलं झाड सावकाश वाढतं, म्हणून शहाणपणानं जळतं.

"असेल," सिग्रून म्हणाली. "सूप घे."

एक बारीकशी गोष्ट टिपून ठेवतो. मी मिटलेली झडप सताड उघडी सापडली. लोखंड तापलं की फुगतं, त्यामुळे आपोआप सरकत असावी. कंपनीला कळवायला हवं.

१० नोव्हेंबर

काच परत लख्ख. झडप परत सरकलेली. खिळा परत सैल.

१५ नोव्हेंबर

दिवसा काच उजळते, रात्री मी आग झोपवली की सकाळी काळी. चंद्राचा संबंध तपासतो आहे.

इंगेबोर्ग नव्या जोडणीची तपासणी करायला आली. छपरावरून उतरली ती भुवया वर करून. "डांबर सुकून गळायला लागलंय. दिवसा कोण जाळतं ही?"

"मी," मी म्हणालो. "उत्तर उतार."

"काय?"

मी तिला सावलीतल्या झाडांचा सिद्धांत सांगितला. तिनं मधे एकही प्रश्न विचारला नाही. सिग्रून तिच्या पेल्यात कॉफी ओतत होती आणि पेला भरला तरी ओततच राहिली. दोघी एकमेकींकडे बघून अचानक खोकायला लागल्या. खोकला संसर्गजन्य असू शकतो याचा डॉक्टरनं विचार केलेला नाही.

जाताना इंगेबोर्ग दारात थांबली. "हाल्वोर, चित्र उलटं आहे."

"ठाऊक आहे," मी म्हणालो. "छापखान्याची चूक."

२२ नोव्हेंबर

हीट पंपवाला माप घ्यायला येऊन गेला. तरणाताठा माणूस, पांढरे बूट. मी कामाच्या खोलीत होतो, बाहेर आलो नाही. त्यानं भिंतीवर पेन्सिलनं खूण केली आहे. ती तिरकी आहे.

सिग्रूनचा खोकला पुष्कळ कमी झालाय, पण रात्री उसळतो. मला वाटतं तिला सरावाचा ताण येतो. माझ्यासमोर गात नाही. म्हणते, "तू बाहेर गेलास की गाते."

२९ नोव्हेंबर

आज अक्षर वाईट येईल.

रविवार दोन दिवसांवर आला म्हणून काल रात्री शेगडी गच्च भरली आणि झडप शेवटपर्यंत मिटली. पहाटे अंधारातच स्की बांधून वरच्या रानात वठलेली झाडं पाडायला निघालो. सिग्रून झोपेत होती. मी म्हणालो, "शेगडीला हात लावू नकोस, मी येऊन पेटवीन." ती म्हणाली, "हं." मी तो होकार समजलो.

उजाडलं तेव्हा मी उतारावर होतो. खाली बघितलं. टॉलेफचा धूर सरळ वर चढत होता. माझ्या धुराड्यावर काहीच नव्हतं.

आधी बरं वाटलं की बायको ऐकते. मग वाटलं, गारठली असेल बिचारी. आणि मग झडप आठवली. शेवटपर्यंत मिटलेली. रंग नाही, वास नाही, माणूस झोपेतच जातो. आणि निघताना मी दिवासुद्धा लावला नव्हता. तिचा चेहरा न बघताच निघालो होतो.

तेवढ्यात शेतातल्या बर्फावर टॉलेफ दिसला. टॉलेफ चालत नाही, सरकतो. आज तो धावत होता. हातात कुऱ्हाड होती आणि तो माझ्या घराकडे चालला होता.

मी स्की कुठं सोडल्या आठवत नाही. एक सापडली आहे.

अंगणात पोचलो तेव्हा टॉलेफ माझ्या पुढच्या दारासमोर पाय फाकून उभा होता. ते दार मी अख्खा एक हिवाळा खपून केलं. पाइनचं. एकही खिळा नाही.

"टॉलेफ!"

"मागं हो! फोन केला, उचलत नाही! धूर नाही!" तो ओरडला. "वायू!" आणि पहिला घाव घातला.

मी त्याला थांबवलं नाही. मी ओरडलो, "जोरात मार!"

दुसऱ्या घावाला वरची फळी फुटली. त्या भोकातून ऊब बाहेर आली आणि तिच्याबरोबर गाणं. नाताळचं, पहिलं कडवं. आवाज वर चढला, कुठंही अडखळला नाही, कुठंही घासला नाही. आम्ही दोघं ऐकत उभे राहिलो.

"मेलेलं माणूस एवढ्या वरच्या पट्टीत गात नाही," टॉलेफ म्हणाला.

कडवं मधेच सोडायचं नाही हा तिचा नियम, फोन वाजो की कुऱ्हाड. ते संपलं. सिग्रूननं दार उघडलं. रुतलेली कुऱ्हाड दाराबरोबर आत गेली आणि टॉलेफ कुऱ्हाडीबरोबर.

"हे काय?" ती म्हणाली. "दार उघडंच होतं."

मी टॉलेफकडे बघितलं. "तू दाराची मूठ दाबून नाही पाहिलीस?"

"मेलेल्या माणसाच्या दाराची मूठ कोण दाबतं?"

आत काच पाण्यासारखी नितळ होती. खाली जाड ओंडके तसेच, अजून न पेटलेले. वरच्या फाकी जळत होत्या आणि आग वरून खाली, पायऱ्या उतरल्यासारखी, उतरत होती. भिंतीवरच्या चित्रात शेगडीचे पाय खाली होते. झडप सताड उघडी.

"कधीपासून?" मी विचारलं.

"झडप? बरेच दिवस. रात्रीची राख काढून वरून पेटवली ती आजच पहिल्यांदा. तू घराबाहेर असतोस कधी?"

"आणि खिळा?"

"खिळा घट्ट आहे, हाल्वोर."

मी तिचा हात धरला. माझे हात राळेनं चिकट झाले होते. चिकटले म्हणून असेल, पण तिनं हात काढून घेतला नाही. म्हणाली, "एवढा धावत आलास? टोपी कुठंय?"

मग आम्ही तिघं शेगडीसमोर बसून कॉफी प्यायलो. टॉलेफ बाहेर जाऊन धुराडं बघून आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. आग एवढी आणि वर काही नाही. शेवटी म्हणाला, "वाईट नाही."

या खोऱ्यात याहून मोठी स्तुती नाही. टॉलेफनं ती स्वतःच्या लग्नातही केली नव्हती.

१ डिसेंबर, रविवार

पहिली मेणबत्ती लावली. काच स्वच्छ, घसा साफ. हीट पंपवाल्याला सिग्रूननं नको म्हणून कळवलं. भिंतीवरची खूण मी रंधा मारून काढली.

दोन रात्री आग झोपवलेली नाही. निजण्याआधी मोकळ्या हवेत जळून संपू देतो. सकाळी थंड शेगडी वरून पेटवतो. सकाळी घर थोडं गार असतं खरं, पण सिग्रून रात्रभर खोकली नाही. शांततेमुळे मलाच झोप लागेना.

नोंदीच्या दृष्टीनं: हवा मोकळी ठेवण्याचा विचार माझ्या मनात आधीपासून घोळत होता. उत्तर उताराच्या सिद्धांतातून मी तिथं पोचलोच असतो.

"अगदी जवळ आला होतास," सिग्रून म्हणाली.

दाराच्या भोकावर बर्चची फळी बसवली आहे. पाइनमध्ये बर्च दिसतं. दिसू दे.

११ डिसेंबर

गेल्या आठवड्यात टॉलेफला माझी पद्धत शिकवली. (सिग्रून "माझी" या शब्दावर हसली.)

आज उजाडलं आणि त्याच्या धुराड्यावर काही नव्हतं. मी घोटभर कॉफी घेतली. पुन्हा बघितलं. काही नाही. कुऱ्हाड घेऊन धावलो. दाराशी मात्र शहाणपण सुचलं आणि आधी मूठ दाबली.

टॉलेफ आगीसमोर बसून तपकिरी चीज खात होता. "बाहेर जाऊन बघ!" तो आनंदानं ओरडला. "धूर नाही! काहीच नाही!"

मग त्याला माझ्या हातातली कुऱ्हाड दिसली. त्यानं चीजचा तुकडा खाली ठेवला. म्हणाला, "मग आता कळणार कसं?"

"रोज फोन करायचा," मी म्हणालो.

"आणि बोलायचं काय?"

"उठलो म्हणायचं."

"रोज?"

आम्ही दोघांनी खाली बघितलं. या वयात असलं काही सुरू करायचं म्हणजे लाजच.

"खिडकीत दिवा ठेवू," मी म्हणालो.

"दिवा मेलेल्याच्या घरातही जळत राहतो. धुराला जिवंत माणूस लागतो."

बरोबर होतं त्याचं. बराच विचार करून ठरलं: आग नीट पेटली की उजाडताना स्प्रूसचा एक ओला तुकडा टाकायचा. एकच. शास्त्राच्या दृष्टीनं ही शुद्ध चूक आहे आणि ती मी समजून उमजून करणार आहे, हे इथं नोंदवतो.

१८ डिसेंबर

इंगेबोर्गनं रस्त्यात गाडी थांबवली. "हाल्वोर, तुमच्या दोघांच्या धुराड्यातून सकाळी एक काळा ढग निघतो आणि मग दिवसभर काही नाही. हा काय प्रकार?"

मी सांगितलं.

तिनं गाडीची काच अर्धी वर घेतली. मग म्हणाली, "मी काही बघितलेलं नाही. पण तुकडा लहान टाका."

२४ डिसेंबर

गाणं झालं.

चर्च गच्च भरलं होतं. सिग्रून पुढं आली, एकटी उभी राहिली. मी खिळ्यांकडे, तुळयांकडे, सांध्यांकडे बघत बसलो, तिच्याकडे बघवेना. मग आवाज आला, दाराच्या भोकातून आला होता तोच. यावेळी मधे दार नव्हतं. टॉलेफ शेजारी बसून नाक शिंकरत होता आणि धुपाला दोष देत होता. आमच्या चर्चमध्ये धूप नसतो.

आता टॉलेफ आमच्याकडे जेवायला आला आहे. मेंढीच्या बरगड्या बर्चच्या काड्यांवर वाफवायला ठेवल्यात, आणि काड्या कशा रचायच्या यावर तो सिग्रूनला सूचना देतो आहे. ती म्हणते आहे, "टॉलेफ, बस. कुऱ्हाड घेतली नाहीस ना हातात?"

सकाळची नोंद राहिली होती, ती करून वही मिटतो. वरून पेटवलेली, निर्दोष, बिनधुराची आग. काच नितळ. उजाडताना ओला तुकडा टाकला. काचेचा एक कोपरा काळा झाला, तो जेवणाआधी पुसला. शेतापलीकडून लगेच उत्तर आलं: जाड, काळा, भरघोस धूर. माझ्यापेक्षा मोठा.

म्हातारा दोन तुकडे टाकतो आहे.

उद्यापासून मी तीन टाकणार.